शिक्षणमंत्री साहेब, न झालेल्या व्हिजिटचा रिपोर्ट तपासायला पाठवू का?

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी नागपूरचा टुरिस्ट टॅक्सीवाला. एअरपोर्टवरून पाहुणे उचलायचे, पेंच नाहीतर ताडोब्याला सोडायचे, परत आणायचे, हा माझा धंदा. तुमचा वेळ किमती आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझी पोरगी नववीत आहे, व्होकेशनलमध्ये टुरिझम अँड हॉस्पिटॅलिटी घेतलाय तिनं. मागच्या आठवड्यात तिनं फील्ड व्हिजिटचा रिपोर्ट लिहिला. एका मोठ्या हॉटेलला भेट दिली, फ्रंट ऑफिस पाहिलं, हाऊसकीपिंगवाल्यांनी चादर कशी घालतात ते दाखवलं, शेवटी मॅनेजर सरांनी चहा पाजला. मस्त लिहिलाय. फक्त ती तिथं गेलीच नव्हती. कोणीच गेलं नव्हतं. परवानगी आली नाही, बसचे पैसे आले नाहीत, पण मार्क तर भरायचेच होते, म्हणून व्होकेशनलच्या मॅडमनी फळ्यावर नमुना लिहून दिला आणि सगळ्या वर्गानं उतरवून घेतला. सगळ्यांना एकाच मॅनेजरनं चहा पाजला साहेब, आणि सगळ्यांना तो आवडला.

शाळेचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही कारवाई करणार ती त्या मॅडमवर. त्या बिचाऱ्या कंत्राटी, एजन्सीकडून आलेल्या, पगार कधी होते ते त्यांचं त्यांनाच माहीत. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत छाती ठोकून सांगितलं होतं की पोरांना हॉटेल दाखवू, जंगल दाखवू, ट्रॅव्हल एजन्सीत बसवू. म्हणून मी फॉर्मवर सही केली. पोरगी म्हणे बाबा, तुम्ही जे करता तेच शिकवून राहिले शाळेत. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

आता तिची वही पाहा. इनबाउंड म्हणजे काय, आउटबाउंड म्हणजे काय, डोमेस्टिक म्हणजे काय. पर्यटन उद्योगाची क्षेत्रं: निवास, खानपान, वाहतूक, प्रवास नियोजन, आकर्षणस्थळं. पाठ आहे सगळं. मी विचारलं यातल्या वाहतुकीत मी येतो का, तर म्हणे मॅडमनी विमान आणि रेल्वे सांगितलं. घ्या! बाप वीस वर्षं गाडी चालवते आणि क्षेत्रात त्याचं नावच नाही.

मी सांगतो ना साहेब क्षेत्रं काय असतात. बंगळुरूचं एक जोडपं दोन दिवसांसाठी पेंचला येते. तिकीट कोणत्यातरी अॅपवर काढलेलं, रिसॉर्ट एजंटनं लावून दिलेलं, त्यात एजंटचं कमिशन, मला फोन करणारा पण एजंटच, त्यात पुन्हा कमिशन. मनसरला चहा, तिथून रामटेक जवळ आहे म्हटलं तर गडावर नेतो, कालिदासानं मेघदूत इथं लिहिलं असं मानतात एवढं सांगतो, पुढचं मला कोणी शिकवलं नाही. मनसर ते खवासा हायवे जागोजागी वर उचललाय, वरून ट्रक आणि खालून जनावरं, पाहुण्यांना याचंच जास्त कौतुक. सिल्लारीला, म्हणजे पेंचच्या गेटवर, जिप्सीवाला वेगळा, गाईड वेगळा, तो गावातलाच पोरगा, पगमार्क म्हणजे वाघाच्या पायाचा ठसा पाहून सांगते नर आहे की मादी. रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवाली, स्वयंपाकी, खोल्या साफ करणाऱ्या बाया, माळी, आणि पाहुण्यांना जंगल समजावून सांगणारा नॅचरलिस्ट. आणि आता रात्रीचं पण काम निघालं, कारण जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे रात्री दिव्यांचा उजेड कमी ठेवून तारे दिसतील असं आकाश राखलेली जागा. लोक तारे पाहायला येऊन राहिले! म्हणजे दुर्बीण लावून तारे समजावून सांगणारा माणूस पाहिजे. ही नोकरी काल नव्हती, आज आहे, आणि शाळेपासून सत्तर किलोमीटरवर आहे. पण पोरांच्या वहीत ताजमहाल चिकटवलाय.

नागपुरात तरी काय कमी आहे? अजब बंगला, म्हणजे आमचं जुनं म्युझियम, १८६३ पासून आहे. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, त्यांची राहायची सोय, जेवण, पाणी, पुस्तकांचे स्टॉल, जादाच्या गाड्या, हे सगळं सांभाळणं म्हणजे केवढं मोठं मॅनेजमेंट आहे, एक दिवस पोरांना नुसतं तिथं उभं करा, आपोआप शिकतील. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडते, तर त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर न्या. याला पैसे लागत नाहीत साहेब, मेट्रोनं जाता येते.

पैशांचं निघालंच आहे तर माझं पण ऐका. मागच्या हिवाळी अधिवेशनात माझी गाडी एका ठेकेदारामार्फत लागली होती, कोणत्या खात्याला ते लिहित नाही. साहेब लोकांना हॉटेलवरून विधानभवन, विधानभवनावरून जेवायला, जेवणावरून फार्महाऊस. बिल अजून मिळालं नाही. ठेकेदार म्हणते खात्यानं दिलं नाही, खातं म्हणते ठेकेदाराला विचारा. गाडीचा हप्ता काही कोणाला विचारत नाही, पाच तारखेला कापूनच घेते. पावसाळ्यात जंगलाचं कोअर, म्हणजे आतला भाग, बंद, तीन महिने लग्नाची वरात आणि दवाखान्याचे पेशंट करून घर चालवतो. बायको म्हणते पोरीला याच लाइनीत काहून घालता? मी तिला सांगायचो की आपण न शिकता घुसलो, पोरगी शिकून जाईन, स्टिअरिंगवर नाही तर काउंटरच्या मागे बसेन. आता काय सांगू?

पेपरात वाचलं की तुमच्या सरकारनं २०२४ चं पर्यटन धोरण आणलं, दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार. छान. ३६ जिल्ह्यांनी भागलं तर जिल्ह्याला ५० हजार नोकऱ्या आल्या. आमच्या पन्नास हजारांमधला एक तरी दाखवायला पोरांना बस भेटत नाही? जगातला दहातला एक रोजगार पर्यटनातून येते असं भाषणात सगळेच सांगतात, आकडा खरा किती ते तुमचे सचिव पाहून घेतील. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत निम्म्या तरी विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी. २०२५ येऊन गेलं. आमच्या शाळेतल्यांची ओळख झाली असं कागदावर नक्की लागलं असेन, रिपोर्ट आहेत ना सगळ्यांचे.

खरं सांगू तर हे एका व्हिजिटचं नाहीच. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला तांत्रिक शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या हिशोबानं वाटा देऊ म्हटलं होतं, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेऊ म्हटलं होतं. यातलं अधिवेशन तेवढं पाळता तुम्ही, कारण थंडी चांगली असते आणि सावजी मिळते. बाकी सगळं आमच्या पोरांनी नमुना पाहून उतरवून घ्यायचं. तुमचे दौरे पण पर्यटनच आहेत बाप्पा, पण त्याची परवानगी एका फोनवर येते आणि पोरांच्या बसची फाइल शाळेतून केंद्रप्रमुखाकडे, तिथून गटशिक्षण, तिथून जिल्हा, अशी फिरत राहते तोवर परीक्षा होऊन जाते.

तर मागणी फार नाही. पुढच्या वर्षी पोरगी दहावीत जाईन. व्होकेशनलच्या मॅडमचा पगार महिन्याच्या महिन्याला द्या. फील्ड व्हिजिटची परवानगी मुख्याध्यापकांच्या पातळीवर द्या. बसचे पैसे नसतील तर माझ्याकडे सात सीटची गाडी आहे, ओळखीचे आणखी चार-पाच ड्रायव्हर भाऊ तयार आहेत, डिझेल आम्ही टाकू, सिल्लारीच्या गाईड पोरांशी मी बोललो आहे, ते फुकट येतील म्हणाले. फक्त पत्र पाहिजे, सही-शिक्क्याचं, पहिल्या घटक चाचणीच्या आधी.

आणि ते अधिवेशनाचं बिल तेवढं पाहा.

आपला,
एक टॅक्सीवाला बाप, नागपूर