'च कू' राहिलं होतं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तळहातावर झोपणारं ते कोंबडीचं तांबूस पिल्लू आता केवढं झालं, असं तू विचारलं होतंस. अरे, ते आरवायला लागलं!

साडेचार महिन्यांचा झालाय. आधी तुरा लालबुंद झाला, मग शेपटीची पिसं वाकली. आणि एका पहाटे, पाणी न चढलेला हातपंप कोणी हापसावा तसा आवाज आला. मी धावत गेलो. घशात काही अडकलं असेल म्हणून चोच उघडून बॅटरी मारून पाहिली. काही नव्हतं. सोडला, तर छाती काढून, मान ताणून पुन्हा तेच: "कुकू—" आणि गाडी तिथेच अडली. 'च कू' काही येईना. शेजारच्या तलंगांनी तर दाणे टिपताना मानही वर केली नाही.

मग मी वाचत बसलो. कोंबड्याचा आवाज आपल्यासारखा घशात वरती तयार होत नाही. श्वासनळी खाली जिथे दोन फाटे होते, तिथे त्याचं वाद्य असतं. म्हणूनच आरवताना तो अख्खं अंग पिळून हवा वर ढकलतो. पोपटाला ऐकून शिकावं लागतं, याला नाही. आमच्याकडे दुसरा नर नाहीच, हा ऐकणार कोणाचं? वयात येताना अंगात नर-संप्रेरक वाढतं आणि बांग आतूनच उमलते. फक्त सरावानं घटवावी लागते. हे वाचून मला भरून आलं, खरंच सांगतो.

शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून मी खुराड्यावर जाड गोणपाट टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलं. पण झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं कळतं, हे मला आता कळलं! जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच दाखवलं: सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही कित्येक दिवस आपल्याच अंगच्या घड्याळावर, पहाटेच्या वेळेला आरवत राहिले. आमचा तर गोणपाटाखाली मिट्ट काळोखात, उजाडायच्या बराच आधी सुरू होतो.

रोज थोडं पुढे सरकत होतं. मंगळवारी 'च' आला, फाटका. काल शेपूट आलं, पण मधलं गळालं. आज मी अंथरुणातच जागा होतो, श्वास रोखून. "कुकूच कू!" सगळं, एका दमात. मी उठून गोणपाट काढलं, तेव्हा बाहेर अजून अंधारच होता.

लवकर ये. पहाटे मीच उठवीन तुला, त्याच्या आधी.

तुझाच,
मित्र