विवर की टेकडी?

महोदय,

आपल्या अंकात बुधावरच्या विवराचे छायाचित्र छापून आले, पण अनेक वाचकांना त्यात खड्ड्याऐवजी टेंगूळ दिसले असणार. प्रकाश वरूनच येतो हे आपला मेंदू धरून चालतो. चित्रात ऊन खालून येत असले की खोलगट भाग फुगीर भासतो. अंक उलटा धरून पाहा, टेंगूळ लगेच आत जाते. वरून ऊन असेल तर विवराची वरची भिंत काळी आणि खालची उजळ दिसायला हवी. छापण्याआधी एवढे तपासून चित्र फिरवावे आणि उत्तर दिशा बाणाने दाखवावी.

मजकुरातले ‘अशनी तळाशी रुतून बसला’ हे वाक्यही चुकीचे आहे. बुधावर अशनी सरासरी सेकंदाला चाळीसेक किलोमीटर वेगाने आदळतात. त्या धक्क्याने अशनी स्वतःच बहुतांशी वितळतो, त्याची वाफ होते. खड्डा पडतो तो धक्कालहरीने, सुरुंग उडाल्यासारखा. म्हणून तिरक्या माऱ्याचे विवरही गोलच असते. मारा अगदीच आडवा, साधारण 15 अंशांच्या आत असला तरच ते लांबट होते. अ‍ॅरिझोनातल्या विवराखाली अशनीचा लोखंडी गोळा असेल या आशेने खाण अभियंते डॅनियल बॅरिंजर यांनी 1903 पासून दोन दशकांहून जास्त काळ खणले. गोळा काही सापडला नाही.

चित्रावरून खोलीही काढता येते: सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीकोनाचा टॅन्जंट. सूर्य क्षितिजावर 20 अंश आणि सावली 4 किलोमीटर, तर खोली सुमारे 1.45 किलोमीटर. मात्र सावलीचे टोक सपाट तळावर हवे. ते विवराच्या मधोमध उभ्या शिखरावर चढले तर खोली कमी भरते, आणि बुधावर साधारण दहा किलोमीटरपेक्षा मोठ्या विवरांत असे शिखर बहुधा असतेच, कारण दबलेला तळ उसळून वर येतो.

हे सगळे चंद्रावर पडताळता येते. मुंबईच्या दिव्यांनी तेजोमेघ बुडतात, चंद्र बुडत नाही. 60 मिलिमीटरची दुर्बीण गॅलरीत लावून शुद्ध नवमी-दशमीला कोपर्निकस हे विवर पाहावे. व्यास 93 किलोमीटर, मधोमध शिखरे. पौर्णिमेला सावल्याच नसतात, तेव्हा कोजागरीला फक्त दूध आटवावे.

– खगोल अभ्यासक, विलेपार्ले, मुंबई