शाळेला कुलूप, वर्ग सोप्यात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कोरोनाच्या काळात शिक्षक संघटनांनी कामं टाळून फुकटचा पगार घेतला, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं आणि फार लागलं. 2020 साली मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जांबोटी भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. तालुक्याच्या बैठकीत भांडणाऱ्यांत मीही होते, म्हणून लिहिते.

त्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात ‘विद्यागम’ योजना आली. शाळा बंदच ठेवायची, पण शिक्षकांनी वस्तीत जाऊन मुलांचे लहान गट करायचे आणि झाडाखाली, देवळाच्या आवारात, मोकळ्या जागी शिकवायचं. योजना मला मनापासून पटली होती. आमच्याकडं फोनला रेंज नाही. ऑनलाइन वर्ग आमच्या पोरांच्या नशिबात नव्हताच. पण खानापूरच्या पश्चिमेला ऑगस्टात झाडाखाली बसणार कोण? चार-चार दिवस पाऊस उघडत नाही. मग एका पालकाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, वर्ग भरायचा. एक दार, एक झरोका. आत 18 मुलं, भिजलेले मास्क, ओल्या छत्र्या न् प्लास्टिकच्या खोळी, आणि कोपऱ्यात खोकणारी त्या घरची आजी. तिथून हाकेच्या अंतरावर आमची शाळा. चार खोल्या, दोन्ही अंगांना खिडक्या, नळ, संडास. तिला कुलूप!

बैठकीत आमचं मागणं एवढंच होतं: पाऊस आहे तोवर शाळेच्या खोल्या वापरू द्या, साबण-सॅनिटायझरचे पैसे कोण देणार ते लेखी सांगा, आणि पन्नाशी उलटलेल्या, साखर असलेल्या शिक्षकांना वस्त्या फिरायला लावू नका. उत्तर मिळालं, वरून आदेश नाही. गावात मात्र ‘बाईंना शिकवायला नको’ असं पसरलं. त्या आजीच्या सुनेनंच मला दारात सुनावलं. तिच्यावर माझा राग नाही, तिला पोरांच्या शिक्षणाची काळजी होती. शेजारच्या गावचे एक गुरुजी, वय 56, साखरेचे पेशंट, वस्तीवर जात राहिले आणि तीन आठवडे दवाखान्यात पडले. लागण कुठं झाली हे कुणालाच सांगता येणार नाही, मीही सांगत नाही.

शिक्षक आणि मुलं बाधित झाल्याच्या बातम्या राज्यभरातून आल्यावर ऑक्टोबरमध्ये योजना थांबली. डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मतदानासाठी आमच्या खोल्यांची कुलपं निघाली आणि ड्युटीला आम्हीच होतो. जानेवारी 2021 पासून सुधारित विद्यागम सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेच्या आवारातच भरू लागलं. हेच आम्ही पावसाळ्यात मागत होतो.

साथ पुन्हा आली तर कोणत्या खोल्या उघडायच्या, किती मुलं बसवायची, साबण कोण आणणार, हे प्रत्येक शाळा सुधारणा समितीनं आजच ठरवून ठेवावं, आणि तो कागद कन्नडबरोबर मराठीतही असावा. नाहीतर आमच्या पालकांपर्यंत तो पोचतच नाही. आमच्या समितीला मी तसा मसुदा लिहून दिला आहे. त्या पत्रलेखकांनी येत्या पावसाळ्यात आमच्याकडं जरूर यावं. तो सोपा अजून तसाच आहे, मी स्वतः दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव