पर्यटनमंत्री महोदय, आमचा धंदा दिवसांवर चालतो

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लहान पर्यटन व्यावसायिकांचे बुडणारे दिवस, गोठणारी खाती आणि घारापुरीचं पाणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गिरगावात राहते. फोर्टातल्या जुन्या इमारती, बाणगंगा, खोताची वाडी आणि घारापुरीची लेणी पाहुण्यांना हिंडून दाखवणं हा माझा व्यवसाय. दुकान नाही, ऑफिस नाही. दोन पाय, एक छत्री आणि मोबाइल एवढंच भांडवल. एप्रिल २०२१ पासून राज्याने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला, हॉटेलांना वीज आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने लागू करायचं ठरलं, तेव्हा आम्हीही खूश झालो होतो. मग लक्षात आलं, आमच्या धंद्याला विजेचं मीटरच नाही.

२०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणायचं उद्दिष्ट आहे. जरूर आणा. मोठ्या हॉटेलात उतरलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाबरोबर तरी शहर बघायला निघतोच. पण सरकारी मदत मोजली जाते ती बांधकामावर, खोल्यांवर, यंत्रांवर. आमचा हिशेब दिवसांचा. ऑक्टोबर ते मे कमवायचं आणि पावसाळा त्यावर ढकलायचा. एखाद्या रविवारी बोट सुटली नाही तर तो रविवार पुन्हा मिळत नाही.

२६ मे २०२५ ला मुंबईत मान्सून येऊन ठेपला. हवामान खात्याच्या १९५० पासूनच्या नोंदीत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. शाळांना सुट्ट्या, घराघरांत गावाहून आलेली मंडळी, म्हणजे आमचे सगळ्यात भरीचे दिवस. पाहुणे बुकिंग रद्द करून पैसे परत मागू लागले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? लाँचवाल्याला दिलेला ॲडव्हान्स परत येत नाही, कारण तो डिझेलला आणि खलाशांच्या उचलीला गेलेला असतो. बेटावर जेवण करून देणाऱ्या ताईंनी बाजारहाट आदल्या दिवशीच केलेली असते. तोटा असा एकेक पायरी उतरत शेवटी ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या दारात जाऊन बसतो.

बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्यावर लाँच सोडू नये, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची बोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेटवरून हुज्जत घालणारा पाहुणा मी सरळ खाली उतरवते. बंदीला आमची ना नाही. पण कधी हवामान, कधी कुणा बड्या पाहुण्याचा बंदोबस्त, आणि फेऱ्या बंद असल्याचं आम्हाला कळतं ते गेटवेच्या धक्क्यावर पोचल्यावर, मागे माणसं ताटकळत उभी असताना. आदल्या संध्याकाळी बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मेरिटाइम बोर्डाकडून नोंदणीकृत गाइड, लाँचवाले आणि टूरवाल्यांना मोबाइलवर एक संदेश आला तरी निम्मी धावपळ वाचेल. एवढ्यासाठी नवं ॲप मात्र काढू नका, हात जोडते. उद्घाटनाला चालणारी आणि पावसाळ्यात झोपणारी ॲप आम्ही पुष्कळ पाहिली.

जे दिवस तरीही बुडतील, त्यांच्यासाठी विम्याचा विचार व्हावा. ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने असा एक प्रयोग करून दाखवला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तापमान ठरलेल्या अंशापुढे गेलं, तशी सभासद बायकांच्या खात्यात थेट रक्कम जमा झाली. ना पंचनामा, ना तलाठ्याचा दाखला. आमच्याकडे थर्मामीटरच्या जागी बावटा ठेवा. हंगामात अमुक दिवसांपेक्षा जास्त फेऱ्या बंद राहिल्या, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ठरलेले पैसे. हप्त्याचा काही भाग आम्ही भरू, काही सरकारने भरावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, त्यानंतर छपरं आणि नारळी-पोफळी मोजल्या गेल्या. पण घर पुन्हा पाहुणा ठेवण्याजोगं होईपर्यंत जे महिने जातात, त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

महिलांसाठीच्या ‘आई’ धोरणाबद्दल तुमच्या विभागाचे आभार मानायलाच हवेत. पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार परत करतं, ही लहान गोष्ट नाही. अडतं ते त्याच्या आधी. व्याज सरकार देणार, पण कर्ज बँकेने द्यायचं, आणि बँकेत गेलं की पहिला प्रश्न, तारण काय? बाणगंगेच्या पायऱ्या तारण ठेवता येत नाहीत. पथविक्रेत्यांना २०२० मध्ये स्वनिधी योजनेतून विनातारण दहा हजारांपासून कर्ज मिळू लागलं, म्हणजे छोट्या माणसाला विनातारण पैसे देता येतात हे सिद्ध झालं आहे. गाइड, होमस्टेवाले, गेटवेवर गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत छोटा प्रिंटर घेऊन फिरणारे फोटोवाले यांच्यासाठी तसं खेळतं भांडवल द्या. आणि हप्ता जुलैत मागू नका. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत वसूल करा, आम्ही फेडतो.

डिजिटल व्हा, असं आम्हाला प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. आम्ही कधीच झालो. लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर कैरी-काकडी विकणाऱ्या मावशींच्या टोपलीतही क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो, तिखट-मिठाच्या डबीला टेकवलेला. बुकिंगच्या साइटवर आमची नावं आहेत आणि शंभरातले वीस-पंचवीस रुपये तिथेच कापले जातात, तेही आम्ही सोसतो. शिकायचं आता फारसं उरलेलं नाही. काही बिनसलं तर आमच्या बाजूने उभं राहणारं कुणी नाही, हे खरं दुखणं.

माझ्यावर गुदरलेलं सांगते. एका पर्यटकाने हेरिटेज वॉकचे पैसे यूपीआयने दिले. वॉक झाला, पाहुणे खूश होऊन गेले. काही आठवड्यांनी माझं खातं गोठलं. बँकेत गेले तर उत्तर मिळालं, ते पैसे परराज्यातल्या कुठल्याशा सायबर फसवणुकीतून फिरत आले होते, तिथल्या पोलीस ठाण्याला मेल करा. मेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. वादातली रक्कम एका वॉकची, पण अडकलं सगळं खातं. घरभाडं, लाँचवाल्याची बाकी, मुलीची फी, सगळंच. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक ज्याची फसवणूक झाली त्याच्यासाठी आहे. ज्याने चोख काम करून पैसे घेतले, त्याने कुणाला फोन लावायचा? पोलीस तुमच्या विभागाखाली येत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी नोंदणीकृत व्यावसायिकाचं बुकिंग खरं होतं, असं पत्र पर्यटन संचालनालय बँकेला आणि पोलिसांना देऊ शकतं. वादातली रक्कम तेवढी अडवा, बाकीचं खातं चालू ठेवा, हा आग्रह मंत्रिमंडळात तुम्ही धरू शकता.

आता घारापुरी. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदीही आली. शेतबंदराच्या जेटीवरून वर चढताना दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं आहेत, आणि जवळपास प्रत्येकात पाण्याच्या बाटल्या. माकड बाटली हिसकावतं, दातांनी फोडतं आणि झुडपात टाकून देतं; पाहुणे त्याचा व्हिडिओ काढतात. बाटल्या बंद करा म्हणणं सोपं आहे. बेटावर गोड्या पाण्याची आधीच ओढ, आणि त्या बाटलीवर सुटणाऱ्या चार रुपयांवर एखादं घर चाललेलं. म्हणून आधी जेटीवर आणि लेण्यांच्या दाराशी गाळलेलं पाणी भरून देण्याची सोय करा, ती बेटावरच्या बायकांच्या बचत गटाला चालवायला द्या, बाटली भरायचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्या. बंदीची अंमलबजावणी त्यानंतर. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची स्वस्त पाण्याची यंत्रं पुढे कशी बंद पडली ते आम्ही पाहिलं आहे, तेव्हा दुरुस्तीचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढलेला बरा.

हा क्रम चुकला की काय होतं ते गेटवेसमोरच घडलं. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल बघता निकाल योग्यच होता. विजेवरच्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या मार्च २०२१ मध्ये. मधली वर्षं गाडीवानांनी कशी काढली, हे विचारायला कोण गेलं होतं? उद्या लाँचचं डिझेल जाऊन बॅटरी येईल, यायलाच हवी. तेव्हा एका लाँचच्या मालकालाही परवडेल असं कर्ज आणि अनुदान आधी हातात असू द्या, मग मुदत जाहीर करा.

या सगळ्यावर पुढचा पावसाळा लागण्याआधी एक बैठक घ्या, एवढी विनंती आहे. मेरिटाइम बोर्ड, पर्यटन संचालनालय आणि बँकांचे अधिकारी असावेत. समोर लाँचवाले, गाइड, फोटोवाले, होमस्टे चालवणाऱ्या बायका आणि घारापुरीचे दुकानदार. मंत्रालयाच्या पासासाठी रांग लावायला नको, गेटवेच्या आसपास कुठेही जमू. वार तेवढा सोमवार ठेवा. त्या दिवशी लेणी बंद असतात, कुणाचा रोज बुडणार नाही.

आपली नम्र,
गिरगावातील एक लहान पर्यटन व्यावसायिक