हॉथॉर्न यांना सुधारणांचे वैरी ठरवू नका

मा. संपादक, स. न.

रविवार पुरवणीतल्या लेखात अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांना सुधारणांचे वैरी म्हटले आहे आणि पुरावा म्हणून त्यांची ‘द ब्लिथडेल रोमान्स’ (1852) ही कादंबरी पुढे केली आहे. हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. बोस्टनजवळ जॉर्ज रिप्ले यांनी 1841 च्या एप्रिलमध्ये ब्रूक फार्मची सामुदायिक वसाहत सुरू केली, तेव्हा हॉथॉर्न पहिल्या मंडळींत होते. प्रत्येकी 500 डॉलरचे दोन शेअर त्यांनी घेतले, गोठ्यातले शेण उपसले. थोडे तास कष्ट, उरलेला वेळ लेखन, असा बेत होता. वर्ष उलटण्याआधीच ते तिथून निघाले.

बेत कुठे फसतो, ते याच अनुभवावर बेतलेल्या या कादंबरीच्या आठव्या प्रकरणात आहे. ढेकळे फोडता फोडता त्यातून विचार उगवतील अशी आशा असते. होते असे की विचारच ढेकळांसारखे जड होतात. गिरणीची पाळी करून आलेल्याला रात्री पुस्तक का उघडवत नाही, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. तिसरे प्रकरण मला त्याहून मोलाचे वाटते. चढाओढीचे जग सोडून बंधुभावाने राहायला आलेली ही माणसे पहिल्याच संध्याकाळी बोलतात ती बोस्टनच्या आसपासच्या भाजीपाला पिकवणाऱ्यांवर मात कशी करायची याबद्दल. माल त्याच बाजारात विकायचा, म्हणजे शेजारी प्रतिस्पर्धी होणारच.

खुद्द ब्रूक फार्मची जमीनही हलकी होती, उत्पन्नाचा मोठा आधार शाळेचा. पुढे फ्रेंच समाजवादी विचारवंत फूरिये यांच्या आराखड्याप्रमाणे मोठी इमारत उभारायला घेतली. ती पुरी होण्याआधीच 3 मार्च 1846 च्या रात्री जळाली आणि तिचा विमा नव्हता. पुढच्या वर्षी सगळे आटोपले.

पण हॉथॉर्न यांची खरी शंका कादंबरीतल्या हॉलिंग्सवर्थवर आहे. हा पूर्वीचा लोहार गुन्हेगारांना सुधारण्याच्या ध्यासाने पछाडलेला आहे. वसाहतीची जमीन त्याला आपल्या योजनेसाठी हवी. पंधराव्या प्रकरणात तो मित्राला विचारतो, माझ्याबरोबर येतोस का. नकार मिळताच मैत्री संपते. अठ्ठाविसाव्या प्रकरणात तोच मित्र त्याला विचारतो, आजवर किती गुन्हेगार सुधारलेस? एकही नाही, तो सांगतो. ताटातूट झाल्यापासून एकाच खुन्यापाशी अडकलो आहे. तो खुनी म्हणजे तो स्वतः, कारण त्याने झिडकारलेल्या एका स्त्रीने जीव दिला होता. त्याच्या योजनेतला एकही गुन्हेगार कादंबरीत कुठे बोलताना दिसत नाही. त्यांना कुणी विचारलेलेच नाही.

आपल्या गावात ‘सेटलमेंट’ आहे. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांना सुधारण्यासाठी तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली, गिरण्यांत कामाला पाठवले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. कुंपणाआतल्या माणसाला काय हवे, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. हॉलिंग्सवर्थ इथल्या वाचकाला म्हणूनच अनोळखी वाटू नये.

समाजवादाच्या बाजूने वा विरुद्ध निष्कर्ष काढण्याचा आपला हेतू नाही, असे हॉथॉर्न यांनी प्रस्तावनेतच लिहिले आहे, आणि ब्रूक फार्मचे दिवस आपल्या आयुष्यातले सर्वांत अद्भुतरम्य होते असेही. पुढच्या पुरवणीत निदान प्रस्तावनेतला तो परिच्छेद मराठीत छापावा, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर