'शास्त्रीय' म्हणताय, तर वजनाची वही दाखवा : कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं विज्ञान-गणित शिकवलं आणि शाळेच्या आधी-नंतर शेती केली. दीड एकर ऊस, अर्धा एकर हळद. पाणी, वीज, दर यांबद्दल आपल्याला रोज गठ्ठ्याने पत्रं येत असतील. माझं पत्र एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे 'शास्त्रीय'.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात कृषी प्रदर्शन भरलं होतं. तिथं पिकाचं टॉनिक विकणाऱ्या एकाच्या स्टॉलवर भला मोठा फलक होता : 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध. उसाच्या उत्पन्नात हमखास वाढ.' खाली दोन उसांचे फोटो, एक मनगटाएवढा जाड, दुसरा करंगळीएवढा. स्टॉलवरच्या पोराला विचारलं, "बाळा, दोन्ही ऊस एकाच रानातले का?" तो म्हणाला, "सर, तुम्ही रिझल्ट बघा की." मी रिझल्टच बघत होतो. लागण कधीची, पाणी कुणाला किती, औषध न दिलेला ऊस किती भरला, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी मी एक लिटरची बाटली घेतली. मास्तरकीची खोड जात नाही.

घरी येऊन एक एकर आडसाली उसाचे (पावसाळ्यात लावलेल्या) बारा तुकडे पाडले, प्रत्येकात सहा सऱ्या. बारा खुंट्यांवर ऑइलपेंटने एक ते बारा आकडे टाकले. मग वहीच्या पानाच्या बारा चिठ्ठ्या केल्या, सहांवर 'औषध' लिहिलं, सहांवर 'पाणी', आणि त्या टोपीत टाकून एकेका खुंटीपाशी एकेक उचलत गेलो. शेजारचे आबा बांधावरून बघत होते.

"मास्तर, भिशी काढताय का काय?"

म्हटलं, "आबा, मी स्वतः सऱ्या निवडल्या तर हात आपोआप चांगल्या सरीकडं जातो. मग भरला ऊस तर औषधानं भरला का मुळातच रान चांगलं होतं?"

"मग वाईट सरीला द्या."

"मग कमी भरला की औषधावर आळ."

आबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा तुमच्यावरच इस्वास नाही म्हणा की."

अगदी तसंच आहे, महोदय. चिठ्ठ्यांची ही युक्ती माझी नाही, पण ती शेतातूनच आली आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथं १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती तिथल्या जुन्या नोंदींचा ढीग उपसायला आला. जमीन कधीच एकसारखी नसते, त्यामुळे कुठल्या तुकड्याला काय द्यायचं ते माणसाने न ठरवता चिठ्ठीने ठरवावं, ही रीत त्याने घालून दिली. पुढे नव्या औषधांच्या चाचण्यांत रुग्णांची वाटणीही अशीच होऊ लागली. इस्पितळाने ही पद्धत शेताकडून उचलली, हे आपल्या खात्याने अभिमानाने सांगायला हरकत नाही.

'पाणी' निघालेल्या सऱ्यांना त्याच पंपाने, त्याच दिवशी, तेवढ्याच साध्या पाण्याची आळवणी केली. नाहीतर फरक औषधाचा की जादा ओलाव्याचा, हे कळलं नसतं. विद्यापीठातली मंडळी याला कंट्रोल म्हणतात. फलकावरच्या फोटोत नेमका तोच नव्हता. तोडीला प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या सऱ्या सोडल्या आणि मधल्या चार सऱ्यांचाच ऊस जोखला. टोळीला खुंटीचा आकडा तेवढा दिसत होता, कुठं काय दिलंय ते माहीत नव्हतं. बांबूच्या तिकाटण्याला काटा टांगून मोळी-मोळी वजन करायचं म्हणजे वेळखाऊ काम. मुकादम वैतागला, "गाडी खोळंबलीय आणि मास्तर ऊस जोखत बसलाय." जादा पैसे मोजावे लागले.

निकाल सांगतो. औषधाच्या सहा तुकड्यांची सरासरी किंचित वर आली. पण त्याच सहा तुकड्यांतला सगळ्यात भारी आणि सगळ्यात हलका यांच्यातलं अंतर या वाढीच्या कितीतरी पट होतं. म्हणजे ती वाढ औषधाने आली की चिठ्ठ्या तशा पडल्या म्हणून दिसली, हे माझ्या वहीवरून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली. पाटाजवळचे तुकडे, औषध असो वा पाणी, चांगले भरले. मी पाटाकडच्या अर्ध्या एकराला औषध घालून बांधाकडचं अर्धं एकर तसंच ठेवलं असतं, तर फलकावर लावायला माझ्याकडेही दोन फोटो झाले असते. औषध कुचकामी आहे असं मात्र मी म्हणत नाही. एक रान, एक हंगाम, बारा तुकडे. एवढ्यावर तसं म्हणणं म्हणजे त्या स्टॉलवाल्यासारखंच वागणं.

आणखी एक मोह टाळावा लागला. वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवलं होतं की फक्त वजन बघायचं. ते लिहिलं नसतं तर फुटवे मोजले असते, कांड्यांची लांबी मोजली असती, पानांचा रंग बघितला असता. दहा गोष्टी मोजल्या की एखादी औषधाच्या बाजूने निघतेच. निकष आधी ठरवायचा, ही शिस्त साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाच्या चाचणीत पाळली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या. कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांचं यश सरासरी ४६ टक्के भरलं. नाणं उडवूनही पन्नासच्या आसपास येतात. हे सगळं २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं, पद्धतीसकट. कुणाला शंका असेल त्याने पुन्हा करून बघावं.

कडेच्या सऱ्या का सोडल्या, हे आबांनीही विचारलं. त्याचं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून आलेलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. मोठे संख्याशास्त्रज्ञ, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम त्यांच्याकडे होतं. त्याआधी दिल्लीत, देशात धान्य किती पिकतं ते नमुन्यावरून कसं मोजायचं, या कामात ते होते. आज पीकविम्याची भरपाई ज्याच्यावर ठरते तो पीक कापणी प्रयोग म्हणजे याच कामाचा वारसा. तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान तुकडे कापून अंदाज काढण्याच्या बाजूचे होते. महालनोबिस म्हणजे या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार नाव. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी घरगुती आहे. तुकड्याची हद्द दोरीने आखतात, आणि कापणारा माणूस दोरीवर आलेलं धान्याचं ताट आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, आणि तितकी ही चूक मोठी.

दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि चांगलाच तापला. पण तो छापील पानांवर, आकड्यांनिशी झाला. 'महालनोबिस म्हणतात म्हणून' असं म्हणून कुणी मिटवला नाही. बुध गावच्या माणसाने दोरीवरचं ताट कुणाचं असा प्रश्न विचारला आणि देशाच्या धान्याचा हिशोब तपासायला लावला, हे मला अजूनही भारी वाटतं.

आता ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात त्याबद्दल. त्या टॉनिकच्या पत्रकावर 'आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध' असंही छापलं होतं. जर्नल म्हणजे काय ते मी माझ्या मुलीमुळे जवळून पाहिलंय. ती पुण्यात संशोधन करते, हळदीच्या कंदकुजीवर. पहिला शोधनिबंध पाठवला तेव्हा घरी पेढे आणायची तयारी होती. संपादकाने तो याच विषयातल्या दोघा अनोळखी जाणकारांकडे तपासायला दिला. नावं तिला कळत नाहीत, त्यांना या कामाचे पैसेही मिळत नाहीत. एकाने चार ओळींत 'ठीक' म्हटलं. दुसऱ्याचं तीन पानी पत्र आलं. त्यात नववा प्रश्न होता : लावणीला जेठे गड्डे (मुख्य कंद) वापरले की हळकुंडं, आणि सगळ्या वाफ्यांत तेच होते का? पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. कारण जेठे गड्डे कमी पडले म्हणून काही वाफ्यांत हळकुंडं लावली होती, आणि नेमके ते वाफे बिगर-प्रक्रियेचे, म्हणजे कंट्रोलचे निघाले. त्या एका प्रश्नापायी सगळी लावण पुन्हा करावी लागली. हळदीचं पीक नऊ महिन्यांचं. दुसऱ्या खेपेला परिणाम दिसला, पण आधीच्या निम्माच. निबंध छापून आला तो त्या निम्म्या दाव्यासह. तिची समजूत काढायला मी आइनस्टाईनची गोष्ट सांगितली होती. १९३६ साली त्याचाही निबंध असाच परीक्षकाकडे गेला, म्हणून तो रागावला आणि निबंध काढून घेतला. चूक खरोखरच होती; नंतर त्याने ती दुरुस्त करून निबंध दुसरीकडे छापला.

ही व्यवस्था सोन्याची आहे असं मी सांगत नाही. परीक्षक प्रयोग पुन्हा करून बघत नाही, तो फक्त कागद वाचतो. कागदावर कुणी धडधडीत खोटं लिहिलं तर ते त्याला बहुधा कळत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट'ने १९९८ साली छापला आणि मागे घेतला २०१० साली. मधल्या काळात किती आईबापांनी लस टाळली असेल! २०१५ साली मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम चाळीसेक टिकले. छापून आलं म्हणजे खरं, असं नाही. छापून आलं म्हणजे आता बाकीच्यांनी तपासायला हरकत नाही, एवढंच.

आणि टॉनिकवाल्याचं जर्नल? मुलीने शोधून दिलं. निबंध मिळाल्याची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख यांत चार दिवसांचं अंतर. छपाईचं शुल्क लेखकाकडून. पाच पानांत कंट्रोलचा पत्ता नाही. तीन पानी पत्र लिहिणारा दुसरा परीक्षक तिथं कुणाला भेटलाच नसणार.

वाईट याचं वाटतं की आपल्या घरातच चांगली पद्धत आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरून आलेला २६५ हा उसाचा वाण आज आमच्याकडे कुठल्याही शिवारात दिसतो. उसाचा वाण असा बाहेर पडायच्या आधी वेगवेगळ्या ठिकाणी दोन लागणी आणि एक खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) बघितला जातो. मग जॉइंट ॲग्रेस्को या संयुक्त संशोधन बैठकीत राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ समोरासमोर बसून प्रश्न विचारतात, आणि कित्येक शिफारशी तिथून परत जातात. केंद्र सरकारने २०२१ साली अशी टॉनिकं, म्हणजे जैव-उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखाली आणून चाचणीचा पुरावाही मागितला. पण तो पुरावा फायलीत जातो आणि शेतकऱ्याच्या हातात येतं चकचकीत पत्रक.

म्हणून मागणं छोटं आहे. जिथं जिथं शासनाचं बोधचिन्ह असेल, प्रदर्शन असो, अनुदानाची यादी असो की शिवारफेरी, तिथं 'शास्त्रीय' हा शब्द वापरायचा असेल तर त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत चार ओळी छापायची सक्ती करा : चाचणी कुठं झाली, तुकडे किती होते, न वापरलेल्या तुकड्यांचं वजन किती भरलं, आणि मूळ नोंदवही कुठं बघायला मिळेल. आणि ज्या चाचण्यांत काहीच फरक पडला नाही त्याही छापा. त्या कधीच दिसत नाहीत. वीस ठिकाणी करून एका ठिकाणचा फोटो लावला की सगळा शिवार डोलतो. एवढ्यासाठी नवी समिती नको. आहेत त्याच पुष्कळ आहेत.

माझ्या खुंट्या अजून रानात आहेत. एक हंगाम पुरत नाही म्हणून खोडव्यावर तोच प्रयोग पुन्हा लावलाय, नव्या चिठ्ठ्या काढून. या वेळी चिठ्ठ्या सूनबाईने काढल्या, पंपही तिनेच भरले आणि यादी पाकिटात बंद करून तिच्याच कपाटात ठेवली आहे. मलाही ठाऊक नाही कुठल्या खुंटीला काय. जानेवारीत तोड येईल. आपण या, मोळ्या आपल्यासमोर जोखू आणि पाकीट नंतर फोडू. फक्त मुकादमाला आधी सांगून ठेवावं लागेल, गाडी थांबेल म्हणून.

आपला,
एक ऊस उत्पादक, निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. पलूस, जि. सांगली