गुण देणाऱ्यालाच मार्गदर्शक नेमू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या सत्राचे प्रवेश आटोपत आले की नागपुरातल्या अभियांत्रिकी, फार्मसी आणि इतर महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर टीचर गार्डियनच्या, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या मार्गदर्शक शिक्षकांच्या, याद्या लागतात. एका प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थी. कल्पना चांगलीच आहे. तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या, नव्या मुलांसाठीच्या इंडक्शन कार्यक्रमातही साधारण वीस मुलांमागे एक मार्गदर्शक प्राध्यापक अपेक्षित आहे, आणि महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात हे प्रमाण विचारले जात आले आहे. पण विचारले जाते ते प्रमाण, म्हणून सांभाळले जाते तेही प्रमाणच. वहीत हजेरी, मागच्या सत्राचे गुण, पालकांचा फोन नंबर आणि 'अडचण' या रकान्यात 'नाही'. सत्र संपताना पानापानावर सह्या होतात.

मुलांना अडचणी असतात, पुष्कळ असतात. पण त्या सांगायच्या कोणाला? टीचर गार्डियन बहुधा त्याच विभागाचे शिक्षक असतात. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा, प्रोजेक्टचे मूल्यमापन, सगळे त्यांच्याच हाती. 'माझी शाखा चुकली असे वाटते' हे दुसऱ्या वर्षाचा मुलगा त्यांच्यासमोर बोलणार नाही. शिक्षक कितीही मायाळू असले तरी नाही. म्हणून आमची पहिली आणि मुख्य सूचना अशी की मार्गदर्शक दुसऱ्या विभागाचा किंवा महाविद्यालयाबाहेरचा असावा. हजेरीची वही विभागाकडेच राहू द्या. ते काम वेगळे आहे.

बाहेरचा माणूस काय करू शकतो, हे दीक्षाभूमीच्या शहराला ठाऊक आहे. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते, कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिकवत होते. म्हणजे गुरुजी त्यांचे वर्गशिक्षकही नव्हते आणि परीक्षकही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके दिली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. वाचनाला दिशा, मनाला आधार आणि योग्य दारापर्यंत सोबत, अशी तीन कामे एका माणसाने केली. कॅथी क्रॅम या अमेरिकी अभ्यासक मार्गदर्शकाच्या कामाचे दोन भाग करतात. एक करिअरला हात देण्याचा, दुसरा मनाला आधार देण्याचा. आपल्याकडच्या योजनांत दुसरा भाग समुपदेशकावर आणि पहिला प्लेसमेंट सेलवर सोपवला जातो. दोन्ही एकत्र पाहणारे माणूस मुलाच्या वाट्याला येतच नाही.

त्याची झळ सर्वांत जास्त बसते ती गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून शिकायला आलेल्या आणि घरातल्या पहिल्याच पदवीधर मुलांना. त्यांची बुद्धी कमी पडत नाही. नोकरदार घरात जेवताना सहज कानावर पडणारी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार हातात, असा हिशेब करून मुलगा खोली भाड्याने घेतो. पण पॅकेजमध्ये कंपनीने भरायच्या रकमाही धरलेल्या असतात. मूळ वेतन १५ हजार धरले, तर वजा होतात भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) कंपनीचा वाटा १,८०० आणि त्याचा स्वतःचा १,८००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२०, व्यवसाय कर २००. हातात उरतात साधारण साडेपंचवीस हजार. पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, असेल तर आणखी कमी. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही करण्याआधी त्यातली रक्कम आणि मुदत वाचायची, मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला द्यायच्या नाहीत, नोटीस पीरियड किती ते ऑफर लेटरमध्ये पाहायचे, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. न सांगितल्याने वर्ष वाया जाते. तसेच अप्रेंटिसशिपचे, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचे. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेत, अशी कायद्याने सक्ती आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या गेटवर अर्ज घेऊन फिरणाऱ्या आयटीआयच्या कित्येक मुलांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

आता विद्यार्थ्यांसाठी. 'सर, प्लीज माझे मेंटॉर व्हा' असा निरोप अनोळखी माणसाला पाठवू नका. त्याला त्यातून काय करायचे ते कळत नाही आणि आयुष्यभराची जबाबदारी अंगावर येतेय असे वाटते. पाच-सहा ओळी लिहा. तुम्ही कोण, त्यांच्याच कामाबद्दल का विचारता आहात, नेमका प्रश्न कोणता आणि वीस मिनिटे कधी मिळतील. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्याकडे जा. 'मी पुढे काय करू?' याला कोणाकडेच उत्तर नसते. 'मेकॅनिकल, ६५ टक्के, ऑटोकॅड येते, बुटीबोरीत ट्रेनीची ऑफर आहे, घरचे एक वर्ष थांबू शकतात. नोकरी धरू की एम.टेक.साठीची 'गेट' परीक्षा देऊ?' याला उत्तर असते. पहिल्या भेटीत नोकरी मागू नका. एका कागदावर गेल्या सहा महिन्यांत काय केले, कुठे अडलात आणि तीन प्रश्न एवढे लिहून न्या. सांगितलेले काम केले की नाही, ते पंधरा दिवसांत दोन ओळींत कळवा. संबंध तुटतात ते बहुतेक इथेच. मुले सल्ला घेऊन जातात आणि गप्प होतात, मग समोरचाही पुढचा फोन उचलायला कंटाळतो.

एकाच माणसावर सगळा भार टाकू नये. तीस वर्षे अनुभव असलेला माणूस एखादी वाट दहा वर्षांनी कुठे नेते ते सांगू शकतो. आज नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपन्या भरतीच्या चाचणीत काय विचारतात ते त्याला माहीत असेलच असे नाही. ते दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या दादाला किंवा ताईला विचारावे.

मार्गदर्शकांकडूनही चुका होतात. सर्वांत नेहमीची म्हणजे पाऊण तासाच्या भेटीत अर्धा तास आपलीच वाटचाल सांगणे. आपण एक तृतीयांश वेळच बोलायचे, असे मनाशी ठरवून बसावे. मुलाचे ड्रॉइंग, कोड, रिझ्युमे प्रत्यक्ष उघडून पाहावा. न पाहता दिलेला सल्ला मोघम होतो. प्रोजेक्ट लिहून देऊ नये, पैशांचा व्यवहार करू नये. ज्याचे काम पाहिले नाही त्याची शिफारस करू नये, आणि पाहिले असेल तर हात आखडू नये. आपल्या एका फोनने या मुलांना जे मिळते ते त्यांच्या घरच्या कोणाच्याही फोनने मिळणार नसते. भेट महाविद्यालयात, ग्रंथालयात किंवा कार्यालयात, दिवसाउजेडी व्हावी. विद्यार्थिनींच्या बाबतीत महाविद्यालयाला भेटीची नोंद असावी आणि दोघी-तिघींनी मिळून यायची मुभा असावी. यात कोणावर अविश्वास नाही. मुली आणि त्यांचे पालक निर्धास्त असतील तरच योजना टिकते.

मुदत सुरुवातीलाच ठरवावी. सहा महिने, महिन्यातून एक भेट, पाऊण तास. तिसऱ्या भेटीनंतर दोघांनीही उपयोग होतोय का हे मोकळेपणी बोलावे, आणि जमत नसेल तर कारण न विचारता मार्गदर्शक बदलून द्यावा. ही सोय नसली की मुले तक्रार करत नाहीत, नुसती यायची थांबतात.

माणसांची कमतरता या शहरात नाही. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), रेल्वे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था, शासकीय तंत्रनिकेतन, इथून निवृत्त झालेले कितीतरी जण धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मनीषनगरात राहतात. त्यांना कोणी बोलावत नाही. महाविद्यालयांनी माजी विद्यार्थी संघटनेमार्फत अशा तीस जणांची यादी केली आणि प्रत्येकाला फक्त दोन विद्यार्थी दिले, तर याच सत्रात साठ मुलांची सोय होते. सुरुवात द्वितीय वर्षापासून करावी. अंतिम वर्षात प्लेसमेंटची घाई असते आणि शाखा, प्रोजेक्ट, इंटर्नशिप यांचे निर्णय तोवर होऊन गेलेले असतात. टीचर गार्डियनच्या छापील फॉर्मवरचा 'अडचण' हा रकाना काढून तिथे 'मागच्या भेटीत ठरलेले काम' आणि 'पुढच्या भेटीची तारीख' असे दोन रकाने घालायला तर खर्चही येत नाही.

आपले,
काही निवृत्त प्राध्यापक व अभियंते,
नागपूर